मांडीतले अकरा सेंटिमीटर

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाच्या काचेवर लावला आणि पेनाच्या टोकानं माझ्या उजव्या मांडीचं हाड वरून खाली दाखवत आणलं. मध्ये एका जागी पेन थांबलं. तिथं हाड नव्हतंच. वर एक टोक, खाली एक टोक आणि मध्ये नुसती काळी मोकळी जागा.

"अपघात झाला तिथं हाडाचा तुकडा बाहेर पडला होता का? कुणी उचलला होता?" त्यांनी विचारलं.

मी स्ट्रेचरवर आडवी होते. पायथ्याशी आमचे मालक उभे होते. त्यांनी मान खाली घातली आणि म्हणाले, "मी उचललं होतं साहेब. दस्तीत बांधून ठिवलं होतं."

"मग कुठाय आता?"

"गंगेत सोडलं. गंगाखेडला जाऊन."

नर्सनं तोंड दुसरीकडे फिरवलं. आमच्याकडं गोदावरीला गंगा म्हणतात आणि गंगाखेडला माणसाच्या अस्थी सोडायला जातात, हे डॉक्टरांनाही माहीत होतं. पण माणूस जिवंत असताना त्याच्या अस्थी सोडून आलेला नातेवाईक त्यांनी पहिल्यांदाच पाहिला असावा. त्यांनी पुन्हा एक्स-रेकडं बघितलं. मग म्हणाले की असा तुकडा कधीकधी स्वच्छ करून, जंतू मारून परत बसवता येतो. रस्त्यावरच्या मातीत पडलेला तुकडा कामाला आला असता की नाही हे सांगता येत नाही. "पण आणला असता तर निदान विचार करता आला असता," एवढंच त्यांचं शेवटचं वाक्य मी नीट ऐकलं आणि पुढचे कित्येक महिने ते धरून बसले.

मी पोखर्णीजवळच्या एका गावात आशाताई म्हणून काम करते. बाळंतिणीला दवाखान्यात न्यायचं, लेकरांच्या डोसाची आठवण द्यायची, क्षयाच्या गोळ्या कोण खातंय आणि कोण उशीखाली दडवतंय ते बघायचं, हे माझं काम. जीभ जरा तिखट आहे, हे मी स्वतःच सांगते, म्हणजे दुसऱ्या कुणाला सांगायला नको. संक्रांतीनंतरच्या आठवड्यात मी स्कूटीवरून परभणीला मीटिंगला निघाले होते. गावापासून दोन किलोमीटरवर मागून टेम्पोनं उडवलं. मालक शेतात होते, त्यांना कुणीतरी फोन केला आणि ॲम्ब्युलन्सच्या आधी ते पोचले. मला एवढंच आठवतं की सगळे माझ्याकडं बघत होते आणि हे एकटे खाली वाकून रस्त्याच्या कडेला काहीतरी गोळा करत होते.

परभणीला पहिल्या दिवशी जखम धुतली, पाय बाहेरून सळया लावून स्थिर केला. त्या धावपळीत हाडाबद्दल यांना कुणी विचारलं नाही आणि यांनी कुणाला दाखवलं नाही. तुकडा दस्तीत, दस्ती पिशवीत. दुसऱ्या दिवशी यांनी घरी सासूबाईंना विचारलं. माणसाचं हाड घरात ठेवू नये, उकिरड्यावर टाकलं तर कुत्री ओढतील, त्याला जी जागा आहे तिथंच ते गेलं पाहिजे, असं सासूबाईंचं म्हणणं पडलं. त्या बाईनं आयुष्यात हाडाची दुसरी काही सोय पाहिलेलीच नव्हती. हे गंगाखेडला गेले. घाटावर विचारणा झाली की गेलेल्या माणसाचं नाव काय. यांनी माझं नाव सांगितलं आणि वर म्हणाले, "पण ती हाय अजून." मग तिथलं कुणी पुढं यायला तयार होईना. शेवटी एकट्यानंच गुडघाभर पाण्यात उतरून ते सोडून आले.

चौथ्या दिवशी आम्ही नांदेडच्या त्या मोठ्या दवाखान्यात पोचलो आणि हा सगळा उलगडा झाला.

डॉक्टरांनी त्या दिवशी जे सांगितलं ते इथं सांगते, कारण तुमच्यापैकी कुणाला अशीच वेळ आली तर निदान शब्द तरी ओळखीचे असावेत. हाड मोडलं तर ते जुळतं, हे आपल्याला माहीत असतं. पण हाडाचा मोठा भागच नाहीसा झाला तर दोन टोकं एकमेकांपर्यंत पोचू शकत नाहीत. याला ते बोन डिफेक्ट म्हणतात, म्हणजे हाडातली मोकळी जागा. माझ्या हाडाची दोन्ही टोकं मेलेली होती, तीही कापावी लागणार होती. सगळं साफ केल्यावर जागा अकरा सेंटिमीटरची होईल, असं त्यांनी सांगितलं. मी हाताच्या बोटांनी तेवढं अंतर करून बघितलं. अंगठा आणि पहिलं बोट चांगलंच ताणावं लागलं.

आत पट्टी म्हणजे प्लेट बसवून जागा भरायची तर दुसरीकडचं हाड खरवडून आणावं लागतं. त्याला ग्राफ्ट म्हणतात. पण जागा एवढी मोठी असेल तर ग्राफ्ट बऱ्याचदा विरघळून जातं. दुसरी रीत म्हणजे त्या जागेत आधी सिमेंटचा गोळा ठेवायचा, त्याच्याभोवती शरीर एक पातळ पिशवी तयार करतं, मग काही आठवड्यांनी गोळा काढून त्या पिशवीत ग्राफ्ट भरायचं. तिसरी रीत बोन ट्रान्सपोर्टची, म्हणजे आपलंच हाड सरकवत नेण्याची. आणि चौथा शब्द त्यांनी सगळ्यात शेवटी, हळू आवाजात उच्चारला. मांडीच्या वरून पाय काढायचा.

"नसा आणि रक्तवाहिन्या शाबूत आहेत, म्हणून वाचवायचा प्रयत्न करू," डॉक्टर म्हणाले. "पण वर्ष, सव्वा वर्ष जाईल. आणि जंतुसंसर्ग हाताबाहेर गेला किंवा नवीन हाड भरलंच नाही, तर पुन्हा याच प्रश्नावर यावं लागेल."

माझं सगळं काम पायावर चालतं. पाय गेला तर घरोघर जाणार कोण, असं मी मोठ्यानं म्हणाले. खरं म्हणजे मला त्या वेळी कामाची पर्वा नव्हती. मला नुसती भीती वाटत होती.

पहिले दीड महिने जंतूंशी झगडण्यात गेले. मोकळ्या जागेत प्रतिजैविक मिसळलेल्या सिमेंटच्या मण्यांची माळ ठेवली होती. दर आठवड्याला रक्ताचा रिपोर्ट. त्यातला एक आकडा खाली यायची वाट बघायची. वॉर्डात माझ्या दोन्ही बाजूंना हाडाचेच पेशंट. वेळ जाता जात नसे, म्हणून मी त्यांना माझ्या मालकांची गोष्ट सांगायची. "आमच्या मालकांनी माझी अर्धी तयारी आधीच करून ठेवलीय. उरलेली कधी नेतात बघायचं." सगळा वॉर्ड हसायचा. कुणी नवीन भेटायला आलं की शेजारची बाई स्वतःहून म्हणायची, ताई, ते गंगाखेडचं सांगा ना. मालक तेवढ्यापुरते उठून बाहेर जायचे आणि पाण्याची बाटली भरून आणायचे. बाटली भरलेली असली तरी न्यायचे.

मार्चच्या सुरुवातीला रेल फिक्सेटर बसवला. मांडीच्या बाहेरच्या बाजूनं हातभर लांबीची जाड धातूची पट्टी आणि तिच्यावर तीन पकडी. प्रत्येक पकडीतून दोन-तीन लांब स्क्रू कातडी आणि मांस भेदून थेट हाडात गेलेले. आणि आधीच मोडलेल्या माणसाचं चांगलं हाड डॉक्टर वरच्या बाजूला मुद्दाम आणखी एका ठिकाणी कापतात. याला कॉर्टिकोटॉमी म्हणतात. हे ऐकून सासूबाई फोनवरच रडायला लागल्या. तेव्हा मालकांनी घरी गेल्यावर ज्वारीचं धाट घेतलं, त्याचे तीन तुकडे केले आणि ओट्यावर मांडून दाखवले. वरचा तुकडा जागेवर राहतो. खालचाही जागेवर राहतो. मधला तुकडा पट्टीवरून रोज थोडा थोडा खाली सरकवायचा, म्हणजे खालची मोकळी जागा कमी होत जाते आणि वर जी नवी फट पडते तिच्यात शरीर स्वतःचं हाड भरत येतं. सासूबाईंनी ते मला फोनवर सांगितलं. इतकं सोपं करून मला डॉक्टरांनीही सांगितलं नव्हतं. पण यांचं कौतुक करायच्या मनःस्थितीत मी नव्हते.

सरकवायचं कसं? पट्टीवर एक स्क्रू असतो. षटकोनी तोंडाची वाकडी किल्ली असते, गॅरेजवाले तिला ॲलन की म्हणतात. किल्लीनं स्क्रूला पाव फेरा द्यायचा. पाव फेरा म्हणजे पाव मिलिमीटर. दिवसातून चार वेळा, सहा-सहा तासांनी, म्हणजे दिवसाला एक मिलिमीटर. ऑपरेशननंतर आठ-दहा दिवसांनी सुरुवात. फेरे मालकांनी द्यायचे असं ठरलं. डॉक्टरांनी त्यांच्याकडून तीनदा करवून घेतलं आणि बजावलं की एकही फेरा कमी नको, एकही जास्त नको. हाड आपल्या वेगानं तयार होतं, त्याला घाई करता येत नाही.

घरी आलो. मालक सकाळी सहाला, दुपारी बाराला, संध्याकाळी सहाला आणि निजताना किल्ली फिरवायचे. दुपारी बाराच्या फेऱ्यासाठी शेतातून सायकल मारत यायचे, हात साबणानं धुवायचे, फेरा द्यायचे आणि परत जायचे. स्क्रूंच्या भोवतीची जागा रोज सलाइननं पुसायची, कोरडी करायची, जाळीची पट्टी गुंडाळायची. सासूबाई हळद लावायला टपलेल्या असायच्या. त्यांना मी किती वेळा हाकललं याचा हिशोब नाही.

तीन आठवड्यांनी पहिला एक्स-रे काढला. वरच्या फटीत धुरकट रेघा दिसत होत्या. डॉक्टरांनी त्यांना रिजनरेट म्हटलं, म्हणजे नव्यानं तयार होत असलेलं हाड. ते खूश होते. मला मात्र आकडा दिसत होता. एकवीस मिलिमीटर झाले होते, एकोणनव्वद उरले होते.

इथून पुढची चूक माझी आहे. ती लिहिण्यासाठीच मी हे सगळं लिहायला बसले.

एप्रिल लागला होता. परभणीचं ऊन ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. कूलर चालू असला तरी पाठ गादीला चिकटलेली. वॉकर धरून चार पावलं टाकायची परवानगी होती, पण संडासला जायचं तरी सासूबाईंच्या खांद्यावर हात टाकावा लागायचा. पंच्याहत्तरीच्या बाईनं मला आंघोळ घालायची आणि मी खाली मान घालून बसायचं. गावभर लोकांना सूचना देत फिरलेल्या बाईला हे सोसत नव्हतं. वर पेरणी तोंडावर येणार. दुपारच्या फेऱ्यासाठी यांचा रोज एक तास मोडायचा. एका दुपारी पडल्या पडल्या मी गणित केलं. रोज चारऐवजी सहा फेरे दिले तर एकोणनव्वद दिवसांचे साठ होतात. मृगाच्या आत मोकळी. शिवाय डॉक्टर सगळ्यांना एकच औषध सांगतात, माझी हाडं मुळात मजबूत, असंही मी स्वतःला समजावलं. हीच वाक्यं माझे पेशंट मला ऐकवतात आणि त्यांच्या दारात उभी राहून मी त्यांना झाडते.

किल्ली माझ्या उशाशीच असायची. सकाळी नऊला सासूबाई पाण्याला जायच्या तेव्हा एक पाव फेरा आणि दुपारी तीनला त्या डुलकी घ्यायच्या तेव्हा एक. दुखणं वाढलं. स्क्रू मांसातून सरकतात तेव्हा कातडी ताणली जाते, चरचरते. कुणी विचारलं तर मी उन्हाचं कारण सांगायची. असं एकवीस दिवस केलं.

मेच्या सुरुवातीला दुसरा एक्स-रे झाला. डॉक्टरांनी तो काचेवर लावला, मग पहिला शेजारी लावला, मग पट्टी घेऊन मोजलं. पुन्हा मोजलं. वरच्या फटीत मागच्या वेळी जिथं धुरकट दिसत होतं तिथं आता मधोमध काळं होतं.

"एकवीस दिवसांत एकवीस मिलिमीटर सरकायला हवं होतं," ते म्हणाले. "हे एकतीसच्या वर आहे. हाडाला भरायला सवडच मिळालेली नाही. फेरे कोण देतं?"

"मीच देतो साहेब," मालक म्हणाले.

"किती देता?"

मालक बोटं मोजायला लागले. सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र. चार बोटं झाली. मग परत पहिल्यापासून मोजली. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला अजून दिसतं. त्यांना खरंच वाटायला लागलं होतं की आपण विसरून दोनदा फिरवत असणार. तीन महिने मी चारचौघांत ऐकवत होते की यांना काही कळत नाही. ते त्यांनी मनावर घेतलं होतं.

"चुकलं असंल माझ्याकडून," ते म्हणाले. "ध्यानात राह्यलं नसंल."

डॉक्टर चिडले. चांगल्या माणसाला राग येतो तसा आला त्यांना. एवढ्या मेहनतीनं वाचवलेला पाय असा घालवायचा का, लिहून ठेवता येत नाही का, असं बरंच बोलले. फेरे बंद करायला सांगितले. दहा दिवस रोज दोन वेळा उलटा पाव फेरा द्यायचा, म्हणजे फट थोडी दाबली जाईल. मग थांबायचं, आणि एक्स-रेमध्ये पुन्हा धुरकट दिसलं तरच पुढं जायचं. दिसलं नाही तर वाट बंद झाली असं समजायचं. त्याच्या पुढं काय, ते त्यांचं जानेवारीत सांगून झालं होतं.

हे सगळं चालू असताना मी टेबलावर आडवी होते आणि छताकडं बघत होते. तोंड उघडायला दोन शब्द पुरले असते. मी गप्प बसले.

का बसले? लाज वाटली म्हणावं तर पाय जाण्यापेक्षा लाज मोठी नव्हती. डॉक्टर मला शहाणी समजत होते, आशाताई आहात म्हणून तुम्हाला समजतं असं म्हणायचे, ते मला सोडवत नव्हतं. आणि चूक करणारा माणूस आमच्या घरात आधीच ठरलेला होता. मी त्याच्या आड सहज मावले.

घरी आल्यावर मालकांनी सासूबाईंना माझ्या खाटेजवळ बसवलं. "माय, मी किल्ली फिरवतो तवा तू समोर बसायचं. एक फेरा झाला की एक दाणा वाटीत टाक. माझा भरवसा न्हाई राह्यला."

सासूबाईंना मोजता येत नाही, पण दाणा टाकता येतो. त्या ज्वारीचे दाणे पदरात घेऊन बसायच्या. मालक उलटा पाव फेरा द्यायचे, किल्ली खाली ठेवायचे, वाटीत दाणा पडलेला बघायचे, तरीही आईला विचारायचे, "एकदाच फिरवलं नव्हं?" ती हो म्हणायची. मग बाहेर जायचे आणि थोड्या वेळानं परत येऊन वाटी बघायचे. रात्रीचं जेवण अर्ध्यावर ठेवून उठायला लागले. घरात माझ्याशी कुणी वाकडं बोललं नाही. उलट सासूबाई मला म्हणाल्या की पोरी, त्याला माफ कर, मुद्दाम न्हाई केलं त्यानं.

तीन दिवस मी हे बघितलं. चौथ्या दिवशी संध्याकाळी सासूबाई दाणे घेऊन बसायला आल्या तेव्हा मी त्यांना चहा टाकायला पाठवलं आणि मालकांना म्हणाले, "अहो, तुमी न्हाई चुकलात. तुमी चारच देत होता. वरचे दोन मी देत होते."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. "कवापासून?"

"पहिल्या फोटूनंतर."

मला वाटलं आता ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते खाटेच्या काठावर बसले, दोन्ही हातांनी तोंड पुसलं आणि म्हणाले, "मला वाटलं माझं डोकं चाललं. बाचं गेलं तसंच."

माझे सासरे शेवटच्या दोन वर्षांत स्वतःचं घर ओळखत नव्हते. यांनीच त्यांना वाटेवरून धरून आणायचं. गेले चार दिवस हे त्या भीतीत जगत होते आणि मी त्यांच्यासमोर पडून होते. मी खूप रडले. पायासाठी इतकी कधी रडले नव्हते.

थोड्या वेळानं त्यांनी किल्ली उचलली आणि माझ्या हातात दिली.

"आता तूच फिरव. मी निस्ता बसतो."

"माझ्यावर भरवसा ठेवताय?"

"कंटाळा आला की सांग. मी हाय ना बसलेला."

डॉक्टरांना फोन करून खरं सांगते, असं मी म्हणाले. मालक नको म्हणाले. डॉक्टरांचं एकदा बोलून झालंय, आता पुन्हा कशाला ऐकायचं. मी दोनदा म्हणाले नाही. त्यांनी नको म्हटल्याचं मला बरंच वाटलं, हेही कबूल करते.

जूनच्या मध्याला एक्स-रे काढला. डॉक्टर काचेजवळ गेले, चष्मा वर केला, आणि मालकांना जवळ बोलावून बोटानं दाखवलं. धुरकट रेघा परत आल्या होत्या, पातळ होत्या, पण आल्या होत्या. आता दिवसाला तीनच फेरे. पेरणी त्या वर्षी चुलत दिरांनी आटोपून दिली. तीन फेरे मी द्यायची, हे समोर बसायचे. तेव्हा आम्ही जेवढं बोललो तेवढं लग्नाला वीस वर्षं झाली तरी बोललो नव्हतो. बरंचसं भांडणच होतं, पण दोघांचं होतं. गंगाखेडची गोष्ट मी लोकांना सांगणं बंद केलं. मग हेच कधीतरी हसत सांगायला लागले, आणि ते सांगतात तेव्हा ती जास्त चांगली होते.

दसऱ्याच्या सुमाराला सरकत आलेला तुकडा खालच्या टोकाला टेकला. याला डॉकिंग म्हणतात. तिथं नीट जुळावं म्हणून कमरेच्या हाडातून थोडं ग्राफ्ट काढून भरलं. ते कमरेचं दुखणं मांडीपेक्षा जास्त छळतं, हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून तुम्हाला सांगते. मग नवं हाड टणक होण्याची वाट. हा काळ सगळ्यात लांब असतो आणि त्यात करायचं काहीच नसतं. गुडघा आखडतो. व्यायाम शिकवणारी मुलगी रोज फोनवर विचारायची की किती वाकला, आणि खोटं सांगायचा मोह मला रोज व्हायचा. पण मी खरंच सांगायचे. स्क्रूच्या एका जागेतून दोनदा पू आला, दोनदा गोळ्यांनी आटोक्यात आला. पुढच्या वर्षी मे संपता संपता पट्टी निघाली.

मला आज मांडी घालून बसता येत नाही. पंगतीत माझी खुर्ची वेगळी असते. पाय एक सेंटिमीटर आखूड आहे, चपलेच्या तळाला जास्तीचा थर लावून घेतलाय. जिने चढताना जरा थांबते. एवढं सोडलं तर पाय माझा आहे आणि मी त्याच्यावर चालते. ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांनी डॉक्टरांना सगळ्या रीती विचाराव्यात, प्रत्येकीला किती दिवस लागतात आणि फसली तर पुढं काय ते विचारावं, आणि हाडाचा तुकडा सापडला तर स्वच्छ कपड्यात गुंडाळून डॉक्टरांच्या हातात द्यावा. कामाला येवो न येवो, ठरवू दे त्यांना. आणि किल्ली फिरवणाऱ्या माणसाला जपावं.

गेल्या महिन्यात शेवटच्या तपासणीला गेलो. डॉक्टरांनी शिकाऊ डॉक्टरांना बोलावून घेतलं. अकरा सेंटिमीटर भरून निघालेलं हाड त्यांना दाखवायचं होतं. मला म्हणाले, ताई, जरा चालून दाखवा. मी काठीशिवाय खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले आणि परत आले. एका मुलीनं माझी फाइल उघडून मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. तारखा, ऑपरेशनं, औषधं. मग वाचलं की एप्रिल महिन्यात पेशंटच्या पतीनं ठरवून दिल्यापेक्षा जास्त फेरे दिल्यामुळे हाड भरणं लांबलं.

मला माहीतच नव्हतं की ते असं लिहिलेलं आहे. मालक दाराशी उभे होते. त्यांनी ऐकलं आणि नेहमीसारखी मान खाली घातली.

मी उभी होते, माझ्या दोन्ही पायांवर.

"डॉक्टर, ते खोडा," मी म्हणाले. "जास्तीचे फेरे मी दिले होते. यांना न सांगता, चोरून. यांनी एकही चुकवला नाही. तिथं माझं नाव लिहा."

डॉक्टरांनी आधी माझ्याकडं बघितलं, मग दाराकडं, बराच वेळ. त्यांनी त्या मुलीच्या हातातून फाइल घेतली, ती ओळ खोडली, वर काहीतरी लिहिलं आणि सही केली. मग दारापर्यंत गेले आणि मालकांचे दोन्ही हात हातात घेतले. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. मी विचारलंही नाही.

बाहेर आल्यावर मालक म्हणाले, "काय गरज होती आता?"

"होती," मी म्हणाले.

त्यांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं, गाडीला वेळ कमी होता. आणि ते निघाले, शेताच्या बांधावरून चालतात तसे, भराभर, आपल्या नेहमीच्या चालीनं. दीड वर्षात माझ्यासाठी ते दर चार पावलांना थांबत आले होते. त्या दिवशी त्यांनी मागं वळून बघितलं नाही. मी त्यांना फाटकाच्या आतच गाठलं.